चित्राखालची ओळ

मनाच्या आजारातून जाणाऱ्या माणसांच्या चित्रांचं प्रदर्शन मांडायचं म्हटलं, की लोकांना वाटतं सगळी मेहनत चित्रं निवडण्यात आणि लावण्यात जात असेल. माझा अनुभव असा, की खरी ओढाताण होते ती चित्राखालच्या दोन ओळींवरून. कोणी काढलं, कशानं काढलं, कुठल्या परिस्थितीत काढलं, आणि यातलं काय बघणाऱ्याला सांगायचं. भिंतीवरच्या प्रदर्शनात या ओळी थोड्या कमीजास्त झाल्या तरी निभावतं. चित्रकार शेजारी उभा असतो, बघणारा त्याच्याशी बोलतो, दोघं मिळून चहा घेतात. पडद्यावर चित्र एकटं असतं. तिथे त्याची बाजू मांडायला त्या दोन ओळींखेरीज कोणी नसतं.

मी पुण्यातल्या एका पुनर्वसन केंद्रात चित्रकलेचा वर्ग घेते. दीर्घ मुदतीचे मानसिक आजार असलेली माणसं सकाळी तिथे येतात, संध्याकाळी घरी जातात. कोणी कागदी पिशव्या करतं, कोणी स्वयंपाकघरात मदत करतं, कोणी चित्रं काढतं. आमच्याकडे आजारातून जाणाऱ्याला शुभार्थी म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला शुभंकर. वर्षातून एकदा शुभार्थींच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं. 2021च्या एप्रिलमध्ये करोनामुळे 'ब्रेक द चेन'चे निर्बंध लागू झाले, कलादालनं बंद झाली, केंद्राच्या दारालाही कुलूप लागलं. चित्रं मात्र घरोघरी चालूच होती. काही घरांत तर नेहमीपेक्षा जास्त, कारण दुसरं काही करायला नव्हतं आणि बातम्या ऐकवत नव्हत्या. तेव्हा ठरलं, की यंदाचं प्रदर्शन ऑनलाइन करायचं. विषय ठेवला 'बरं वाटणं'. बरं होणं हा विषय मुद्दाम टाळला. आमच्यातल्या पुष्कळांना आजार आयुष्यभर सांभाळायचा आहे, पण बरं वाटलेली दुपार प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येते.

चित्रांचे फोटो घरूनच यायचे होते. त्यासाठी मी सगळ्यांना सूचना लिहून पाठवल्या. चित्र खिडकीजवळ ठेवा, पण थेट उन्हात नको. फ्लॅश बंद. मोबाइल चित्राला अगदी समोरासमोर धरा, तिरका धरला तर चौकोन एका बाजूला निमुळता होतो. शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा, म्हणजे पुढे रंग जुळवताना पांढरा कशाला म्हणायचं ते कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं, आणि तेली खडूचा कागदावर उठलेला दाणा पुसला जातो. तो दाणा गेला की चित्रातला हात गेला. कोणी किती जोर देऊन घासलंय, कुठे थकून सोडून दिलंय, हे सगळं त्या दाण्यातच असतं.

आकाराचा प्रश्न वेगळा. पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. आमच्यातला एक तरुण औषधाच्या रिकाम्या खोक्यांच्या आतल्या बाजूवर बॉलपेनने शहरं काढतो. शहर म्हणजे चार बोटं रुंद, त्यात गच्च्या, टाक्या, जिने, अँटेना. दुसरा एकजण पूर्ण कार्डशीटखेरीज कशाला हात लावत नाही. दोघांची चित्रं मोबाइलवर शेजारीशेजारी आली की दोघांवरही अन्याय होतो. खाली सेंटिमीटर लिहून कोणाला काही उमगत नाही. मग आम्ही प्रत्येक चित्राचा दुसरा एक फोटो मागवला, ज्याने काढलं त्याने ते हातात धरलेला. चेहरा नको, फक्त हात. या फोटोंनी चित्राचं माप तर दिलंच, शिवाय नखात अडकलेला निळा रंग, मनगटावरचा लाल दोरा, कांदा चिरताना झालेली जखम अशा गोष्टी आपोआप आत आल्या. ऑनलाइन प्रदर्शनात चित्रकाराला चित्राशेजारी उभं करायचा याहून सरळ मार्ग मला अजून सापडलेला नाही.

आणि मग त्या दोन ओळी.

आमच्या सल्लागारांपैकी काहींचं म्हणणं होतं, की प्रत्येक चित्राखाली आजाराचं नाव आणि वय द्यावं. 'स्किझोफ्रेनिया, वय 46.' हेतू चांगला होता. लोकांना कळावं, की असे आजार असलेली माणसं काय काय करू शकतात. भीती कमी व्हावी. मी विरोध केला, आणि आजही करेन. आधी आजाराचं नाव वाचलं की माणूस चित्रात आजारच शोधायला लागतो. काळं आभाळ दिसलं की 'नैराश्य', पुन्हा पुन्हा तीच नक्षी दिसली की 'बघा, डोक्यात तेच तेच चालतं'. तेच काळं आभाळ एखाद्या नावाजलेल्या चित्रकाराच्या चौकटीत असतं, तर तो पावसाळा ठरला असता.

या बाबतीत माझ्या डोक्यात सतत होतं ते जर्मनीतल्या हायडेलबर्गचं उदाहरण. हान्स प्रिंत्झहॉर्न हा कलेतिहास शिकलेला मनोविकारतज्ज्ञ 1919मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात आला. त्याने वेगवेगळ्या वेड्यांच्या इस्पितळांना पत्रं पाठवून रुग्णांची चित्रं, शिल्पं, भरतकाम मागवलं. सुमारे साडेचारशे माणसांच्या पाचेक हजार वस्तू जमल्या. 1922मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं आणि त्या काळच्या युरोपातल्या चित्रकारांनी ते झपाटल्यासारखं पाहिलं. प्रिंत्झहॉर्नने ही चित्रं कलाकृती म्हणून गांभीर्याने पाहिली, हे त्याचं मोठेपण. पण पुस्तकात माणसांची नावं बदलली होती. त्यातला 'फ्रान्झ पोल' म्हणजे खरा फ्रान्झ कार्ल ब्यूलर, लोखंडाचं नक्षीकाम करणारा कारागीर. विवेकानंदांचं भाषण ज्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने झालं, त्याच 1893च्या प्रदर्शनात ब्यूलरचं लोखंडकाम मांडलं गेलं होतं.

पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. नाझींनी 'अधःपतित कला' म्हणून एक फिरतं प्रदर्शन काढलं होतं. 1938मध्ये ते बर्लिनला आलं, तेव्हा हायडेलबर्गच्या संग्रहातली चित्रं त्यात आधुनिक चित्रकारांच्या चित्रांशेजारी लावली. बघा, यांच्यात आणि वेड्यांच्यात फरक काय, हे लोकांना दाखवण्यासाठी. कागद तेच, रंग तेच, चित्रं तीच, फक्त भोवतीचे शब्द बदलले. 1940मध्ये ब्यूलरला ग्राफेनेक इथे मारून टाकलं, मनोरुग्णांच्या ज्या संघटित हत्या तेव्हा झाल्या त्यांत. चित्रप्रदर्शनाच्या कामात असलेल्या माणसाने हा इतिहास माहीत नसल्यासारखं वागू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्याच संग्रहात एक जाकीट आहे. आग्नेस रिश्टर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने 1895च्या सुमारास इस्पितळाच्या जाडसर कापडातून ते शिवलं आणि आतून बाहेरून अक्षरं भरली. आज ती अक्षरं सगळी लागत नाहीत, पण वाचता येतात त्या तुकड्यांत 'मी' आणि 'माझं' पुन्हा पुन्हा येतं. इस्पितळाच्या कपड्यावर तिने स्वतःची ओळ स्वतः लिहून ठेवली. दुसऱ्या कोणाला लिहायला जागाच ठेवली नाही.

आम्ही जो नियम केला तो इतकाच: चित्राखाली चित्रकाराने स्वतः सांगितलेलं वाक्य, कशावर आणि कशाने काढलं ते, आणि त्याला हवं ते नाव. आजाराचा उल्लेख येईल तर त्याच्याच वाक्यात येईल, आमच्या नाही. नियम केल्यावर लगेच एका वडिलांचा फोन आला. त्यांच्या मुलाला आजाराचं नाव लिहायचं होतं, आणि वडिलांनाही. "मॅडम, लपवून लपवून आमची वीस वर्षं गेली. आता तुम्ही पण लपवणार का?" मुलाने स्वतः लिहिलेलं वाक्य मी घेतलं, जसंच्या तसं, आजाराच्या नावासकट. त्या घरात ते नाव उच्चारायला किती बळ लागलं असेल, ते मला माहीत आहे. 'देवराई' सिनेमा 2004मध्ये आला, तेव्हा अनेक मराठी घरांनी पहिल्यांदा स्किझोफ्रेनियाकडे एका माणसाची गोष्ट म्हणून पाहिलं. त्याआधी तो फक्त कुजबुजीत होता.

आता एका चित्राबद्दल. ज्यांनी ते काढलं त्यांना आम्ही कंडक्टरकाका म्हणतो. त्यांनी एस.टी.त नोकरी केली, आजारामुळे लवकर सोडावी लागली. चित्र आहे पोस्टर कलरमधलं: रात्र, बाहेर गच्च काळोख, आणि मधोमध एक लाल गाडी. आतले दिवे लागलेले, सगळ्या सीटा रिकाम्या, प्रत्येक सीटवर काळजीपूर्वक घातलेला नंबर. एकही माणूस नाही. फोटो आल्याबरोबर आमच्या गटातल्या प्रत्येकाने म्हटलं, किती एकटेपणा आहे यात. एकाने तर ओळही सुचवली, 'प्रवासी नसलेला प्रवास'. मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, मुक्कामी गाडी आहे ती. पहाटे साडेपाचला सुटायची. ड्रायव्हर झोपलेला असायचा टपावर. मी चारलाच उठून आत दिवा लावून वे-बिल पूर्ण करायचो, पैसे मोजायचो. कोणी बोलायला नाही, कोणी सुट्ट्यावरून भांडायला नाही. सगळा हिशेब जुळला की जे वाटायचं ना, ते काढलंय." विषय बरं वाटण्याचा होता आणि ते विषयाला अगदी धरून होते. त्यांनी सांगितलेलंच खाली छापलं. ते वाचून वर बघितलं की तीच गाडी उबदार दिसते, खिडकीतून पडलेला पिवळा प्रकाश जमिनीवर किती निगुतीने रंगवलाय तेही दिसतं. आधी तो कोणालाच दिसला नव्हता.

दुसरी एक मावशी ठिपक्यांच्या रांगोळ्या काढते. हातात बॉलपेन, शाळकरी वही, पंधरा ते आठ ठिपके, रोज एक, कोपऱ्यात तारीख. कित्येक वह्या भरल्या आहेत. प्रदर्शनासाठी तिने एक वही आख्खी दिली. एका पानापुरतं ते साधं घरगुती रेखाटन वाटतं. पण मी पानं सलग उलटत गेले आणि लक्षात आलं, की मध्यावर रेघ थरथरायला लागते. आधी जराशी, मग वळणांवर जास्त, मग ठिपका चुकवण्याइतकी. काही पानांनंतर पुन्हा हळूहळू सरळ होत जाते. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "गोळी बदलली होती ना डॉक्टरांनी. हात कापायचा. वही घेऊन गेले दाखवायला, तेव्हा डोस कमी केला." मनाच्या आजारांवरच्या बऱ्याच औषधांनी हाताला असा कंप येतो. कंप किती आहे ते पाहायला डॉक्टर कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावतात. या बाईने ती तपासणी स्वतःच, रोज, रांगोळीतून करून ठेवली होती.

फोटो नीट करणाऱ्या आमच्या स्वयंसेवकाने मोठ्या प्रेमाने त्या थरथरत्या रेघा सॉफ्टवेअरमध्ये गुळगुळीत करून दिल्या. दिसायला सुंदर. मावशीने मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी नाही." त्याने लगेच मूळ रेघा परत आणल्या. वही कशी मांडायची, यासाठी आठवलं ते ब्राझीलचं उदाहरण. तिथे नीझी दा सिल्वेरा या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1946मध्ये रिओच्या एका मनोरुग्णालयात चित्रकलेची खोली उघडली. विजेचे झटके आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रिया यांना त्यांनी ठाम नकार दिला होता. 1952मध्ये तिथल्याच चित्रांचं संग्रहालय उभं राहिलं. त्यांचा आग्रह असायचा, की एका माणसाची चित्रं ओळीने, सलग पाहावीत, एकटं चित्र फार थोडं सांगतं. मावशीची वही आम्ही म्हणूनच सुटी पानं न करता सलग मांडली. वाचणाऱ्याने बोटाने पानं सरकवत जायचं. भिंतीवर हे जमलं नसतं. काचेच्या पेटीत वही ठेवली की एकच पान उघडं राहतं.

या प्रदर्शनाने मला चित्र बघायला नव्याने शिकवलं, आणि ते झालं एका तांत्रिक गरजेतून. दृष्टिहीन लोक संगणकावर वाचक सॉफ्टवेअर वापरतात. पडद्यावरचा मजकूर ते मोठ्याने वाचतं, पण चित्र आलं की त्याला फक्त तिथे एक चित्र आहे एवढंच कळतं. चित्राचं वर्णन मागे लिहून ठेवलं असेल तर ते वाचतं. मी ठरवलं, की प्रत्येक चित्राचं मराठीत वर्णन लिहायचं, दोन-तीन वाक्यांत. बसले आणि कळलं की हे किती अवघड आहे. 'उदास झाड' असं लिहायचं नाही, कारण उदास हे मी ठरवलं. मग काय दिसतंय? 'डावीकडे झाड, पानं नाहीत, फांद्या खाली वळलेल्या, बुंध्याला हिरव्या खडूचे तीन जाड फराटे, मुळं कागदाच्या खालच्या कडेपर्यंत.' असं लिहिलं की उदास वाटायचं का हे ऐकणाऱ्यावर. आणि लिहिताना मला ते हिरवे फराटे पहिल्यांदा दिसले. पान नसलेल्या झाडाला बुंध्यावर हिरवा रंग कशाला दिला असेल? ज्याने काढलं त्याला मी विचारलंच नाही. काही प्रश्न चित्रात राहिलेले बरे.

एका निवृत्त शिक्षकांनी, ते पूर्ण दृष्टिहीन आहेत, अख्खं प्रदर्शन कानांनी पाहिलं आणि मला फोन केला. खोक्यांवरच्या शहराबद्दल ते बराच वेळ बोलत राहिले. टाक्यांवर झाकणं आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी चित्र मोठं करून पाहिलं. होती. प्रत्येक टाकीवर झाकण, प्रत्येक झाकणावर एक दगड.

ऑनलाइनचं आणखी एक देणं मोठं आहे. कलादालनात प्रदर्शन असायचं तेव्हा काही घरची माणसं कधीच यायची नाहीत. ओळखीचं कोणी भेटेल, 'तुम्ही इथे कसे?' विचारेल, ही धास्ती. 2015-16मध्ये निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने देशातल्या 12 राज्यांत केलेल्या पाहणीत दिसलं, की मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. त्यात डॉक्टरांची वानवा हे कारण आहेच, पण दारात दिसण्याची लाज हेही आहे. आम्ही एका संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बोलावून ऑनलाइन फेरी मारली, मी एकेक चित्र दाखवत गेले. बरेच लोक कॅमेरा बंद करून आले होते, काहींनी नावाच्या जागी नुसतं एक अक्षर टाकलं होतं. तरी ते आले, थांबले, शेवटपर्यंत. सांगलीहून एका आईने मध्येच आवाज चालू करून सांगितलं, की तिच्या मुलीला ती बाजूलाच बसवून दाखवतेय, आणि मुलीला विचारायचंय की वहीला शाई कुठली वापरली. एवढंच. त्या मुलीच्या घराबाहेर, मला पुढे कळलं, तिचा आजार कोणालाच माहीत नव्हता.

गमावलंही बरंच. ज्यांची चित्रं होती त्यांच्यातल्या काहींकडे स्वतःचा फोनच नाही. भावाच्या फोनवर, बोटभर रुंद पडद्यावर, त्यांनी स्वतःचं प्रदर्शन पाहिलं. निर्बंध उठल्यावर आम्ही सगळी चित्रं मोठ्या कागदावर छापून केंद्रात लावली, त्या दिवशी ते भिंतीसमोर उभे राहिले तेव्हा कुठे प्रदर्शन भरल्यासारखं वाटलं. रात्री एकट्याने ही चित्रं पाहणाऱ्या कोणाला त्रास झाला तर काय, ही काळजीही होती. तेव्हा सरकारच्या 'किरण' हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी टाकला. 2022च्या ऑक्टोबरपासून 'टेलि-मानस' सुरू झालं तसा 14416 हा क्रमांक घातला. त्यावर मराठीतही बोलता येतं, तो दिवसरात्र चालतो, हे मुद्दाम लिहिलं.

मध्ये एका देणगीदारांची सूचना आली. पुढच्या वर्षी 'आधी' आणि 'नंतर' अशी चित्रं लावा, म्हणजे चित्रकलेने माणूस कसा सुधारतो ते दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019मध्ये कला आणि आरोग्य यांबद्दलच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात कलेचे फायदे दिसतात असं म्हटलंय, याचाही त्यांनी दाखला दिला. दाखला बरोबर होता. पण तो आढावा म्हणजे आमच्या वर्गातल्या एका माणसाचं प्रमाणपत्र नव्हे. वर्गात चित्र काढून कोणाची झोप सुधारते, कोणी गोळ्या वेळेवर घ्यायला लागतं, आणि कोणी त्याच आठवड्यात पुन्हा ॲडमिट होतं. चित्र बिघडलेल्या काळातलं असलं म्हणून ते वाईट नसतं, आणि सावरलेल्या काळातलं चांगलं असतंच असं नाही. 'आधी-नंतर' लावलं की 'आधी'चं चित्र फक्त पुरावा उरतं. आम्ही नको म्हटलं. देणगी आली नाही, छपाई कमी केली.

मग ज्याची मला पहिल्यापासून भीती होती ते झालं. आमच्या प्रदर्शनातलं एक चित्र कोणीतरी कापून घेतलं आणि खाली 'वेड्यांनी काढलेलं चित्र, शेवटपर्यंत बघा' असं लिहून ते ग्रुपाग्रुपांतून फिरवलं. आमच्या ओळी पानावरच राहिल्या होत्या, चित्र एकटं निघून गेलं होतं. ज्याचं चित्र होतं त्याच्याच मामाच्या ग्रुपवर ते येऊन पोचलं. त्यानंतर आम्ही प्रत्येक चित्राभोवती पांढरा समास ठेवून चित्रकाराचं वाक्य त्या समासातच, चित्राचाच भाग म्हणून, घालायला लागलो. वाक्य तोडायचंच म्हटलं तर ते मुद्दाम बसून कापावं लागतं. एवढं अंतर ठेवणं आपल्या हातात असतं.

कायदाही या बाजूने आहे, फारशा कोणाला माहीत नसलेला. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 24व्या कलमात, उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येणार नाही असं म्हटलंय. आणि हा गोपनीयतेचा हक्क इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, आभासी जागेत साठवलेल्या माहितीलाही लागू आहे. आमच्या संमतिपत्रावर आम्ही तीन वेगवेगळ्या सह्या घेतो: चित्रासाठी एक, नावासाठी एक, वाक्यासाठी एक. तिन्ही कधीही मागे घेता येतात, कारण सांगावं लागत नाही.

कंडक्टरकाकांनी एका वर्षाने त्यांच्या तिन्ही मागे घेतल्या. मुलीचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी नाव टाकून शोधलं तर? त्यांनी फोनवर माफी मागितल्यासारखं सांगितलं, मला ते ऐकवलं नाही. त्याच दुपारी पान काढलं, समासासकट, वर्णनासकट. मला त्या चित्राचा फार लोभ आहे, आणि ते काढावं लागलं याचा राग आहे, काकांवर नाही, मांडवात ही भीती घेऊन बसायला लावणाऱ्या रीतीवर. हा लेख लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं, तुमच्या चित्राबद्दल लिहू का? ते म्हणाले, "लिहा, पण नाव नको, गाव नको, डेपो नको." त्यातलं काहीच इथे नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही संमतिपत्रात एक नवा प्रश्न घातला: हे चित्र कोणाला दिसू नये असं तुम्हाला वाटतं? या रकान्यात काय काय आलं. 'माझ्या ऑफिसात.' 'सासरी.' 'शेजारच्या वहिनींना.' 'आईला, कारण तिला वाटेल मी तिच्यावर रागावलेय.' एकाने लिहिलं, 'कोणालाही दिसू दे, फक्त आडवं लावू नका, ते उभं आहे.' इंटरनेटवर शेजारच्या वहिनींना वगळून बाकी जगाला दाखवता येत नाही, हे मी प्रत्येकीला आणि प्रत्येकाला बसून समजावून सांगते. ज्यांना तरी भीती वाटते त्यांची चित्रं आता खुल्या प्रदर्शनात जात नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं दालन केलं आहे. त्याची लिंक आम्ही फोनवर बोलून, ओळख पटल्यावरच देतो, आणि कोणाकोणाला दिली ते चित्रकाराला कळवतो. यंदा त्या बंद दालनात खुल्या दालनापेक्षा जास्त चित्रं आहेत. सांगलीच्या मुलीचीही आहेत, शाईतली.